वाहनाचं विसर्जन

"वरून खाली यायचं. पाय सगळ्यात शेवटी. आणि पायांचं फडकं चुकूनसुद्धा अंगाला लावायचं नाही."

दाराच्या उंबऱ्यावर उभं राहून दत्ताराम हे बोलले, त्याला दोन दिवस होऊन गेले होते. तरी शनिवारी पहाटे दोन बादल्या घेऊन जिना उतरताना इंदूबाईंच्या कानात ते शब्द जसेच्या तसे उभे होते. परक्या माणसाने ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं, घरात तान्हं मूल आहे, नाहीतर कुणीतरी अंथरुणाला खिळलेलं आहे. विषय गाडीचा होता.

दत्ताराम एकतीस वर्षं माथेरानच्या एका हॉटेलात भांडार सांभाळत होते. ज्या गावात मोटारीला पाऊल टाकायची बंदी, त्या गावात या माणसाने उभं आयुष्य काढलं. मग निवृत्त झाल्यावर एकादशी सोडावी तशी त्यांनी गाडी घेतली. डाळिंबी रंगाची, लहानशी, चार दारांची. गाडीचं त्यांना काही कळत नव्हतं, पण घोड्याचं सगळं कळत होतं, आणि त्यांनी तेच ज्ञान इकडे वापरलं. गाडीच्या आरशांना ते कान म्हणत, पुढच्या बंपरला छाती आणि चाकांना पाय. धूळ आधी भिजवायची, मग हात लावायचा. अंग टिपायचं, घासायचं नाही. पायांना वेगळी बादली आणि वेगळं फडकं, कारण खुरात खडे असतात आणि तेच फडकं पाठीवर फिरलं की ओरखडे उठतात. गंमत अशी की यात चूक काहीच नव्हतं. फक्त कधीकधी सिग्नलला गाडी थांबली की ते डॅशबोर्डवर थोपटून हळूच "हो, हो" म्हणत, तेवढं सोडलं तर.

गाडी घेतली तेव्हा त्यांनी इंदूबाईंना शब्द दिला होता, पहिली मोठी फेरी महडच्या वरदविनायकाला, तुला घेऊन. त्याला चार वर्षं झाली. कर्जतहून महड ते काय लांब, वीसेक किलोमीटर. पण उन्हाळ्यात रस्त्याला धूळ, पावसाळ्यात चिखल, आणि हिवाळ्यात खोपोलीच्या बाजूने येणारे टँकर. गाडी स्टेशनपर्यंत जाई. एकदा कडावला बारशाला गेली होती, तर परत आल्यावर दोन दिवस तिची अंघोळ चालली होती. गाडी मळेल म्हणून देवाला जायचं राहिलं, असं इंदूबाई कधी बोलल्या नाहीत. त्या बोलतच कमी.

सकाळी तर त्या मुळीच बोलत नसत. बारा वर्षांचं मौन त्यांनी धरलं होतं. रोज उठल्यापासून दुपारी बारापर्यंत. त्यातली अकरा वर्षं आणि आठ महिने झाले होते. बाकी मंगळवारचा उपास, रोज एकवीस दूर्वा, गाईचा घास, हे नेम असे काही फार नव्हते, श्वासासारखे होते. मौनाचं मात्र जपावं लागे. पहिल्या वर्षी प्रश्न आला की लिहिलेलं चालतं का. इंदूबाईंनी पुष्कळ विचार करून स्वतःच निकाल दिला होता: पाटीवर एका वेळी एक शब्द लिहावा. दोन लिहिले की ते बोलणं झालं. मान हलवलेली चालते, कारण मान हलवणं हे बोलणं नव्हे.

आणि इथेच सगळं अडलं होतं.

दत्ताराम गाडी धूत ते सकाळी. धुऊन झालं की कमरेवर हात ठेवून वर गॅलरीकडे बघत विचारत, "चमकते ना गं?" इंदूबाई मान हलवत. पण गेली दोन वर्षं दत्तारामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, आणि गाडी चमकत नव्हती. ती जांभळाच्या झाडाखाली उभी राही. टपावर जांभळी डाग बसले होते, बॉनेटवर कावळ्यांनी आपला इतिहास लिहिला होता, बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके वाळून कातडीवरच्या कोडासारखे दिसत होते आणि चाकांच्या जाळीत काळा थर. दत्तारामांना यातलं काही दिसत नव्हतं, आणि ज्याला दिसत नाही त्याला दाखवावं कशाला, म्हणून इंदूबाई मान हलवत राहिल्या. मान हलवणं हे बोलण्यात येत नाही, तर ते खोटं बोलण्यात तरी कसं येईल? असं त्या स्वतःला सांगत. देवासमोर बसल्यावर मात्र हा मुद्दा त्यांना पुढे रेटता येत नसे.

आता दत्ताराम मुलीकडे डोंबिवलीला गेले होते आणि त्यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी ते म्हणाले होते, "रविवारी घरी आलो की आधी गाडी बघणार. दोन वर्षं धुक्यातून बघतोय मी तिला." संध्याकाळ होती, इंदूबाईंना बोलता येत होतं. त्या म्हणाल्या, "आरशासारखी करून ठेवते." म्हणून रविवार सकाळच्या आत दोन वर्षांच्या होकारांना खरं करायचं होतं.

पहिली अडचण पाण्याची होती. चैत्र लागलेला. नळाला सकाळी सात ते सात चाळीस पाणी. सोसायटीचे सेक्रेटरी पोपटराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, म्हणजे पाणी अडवण्यात त्यांचा जन्म गेलेला. त्यांनी फलकावर लिहून ठेवलं होतं, 'गाड्या धुणे सक्त बंद. पुसण्यास हरकत नाही.' त्यासाठीही अर्ज लागे, आणि अर्ज घेण्याची वेळ सकाळी दहा ते अकरा. त्यामुळे शुक्रवारी इंदूबाई पाटी घेऊनच गेल्या.

पोपटरावांनी विचारलं, काय हवं. इंदूबाईंनी 'पाणी' लिहिलं. कशासाठी, तर 'गाडी'. मग पोपटरावांनी चष्मा कपाळावर चढवला आणि मुद्द्याला हात घातला. "वहिनी, धुणं की पुसणं?"

धुणंच होतं. पण 'धुणं' लिहिलं तर पाणी मिळणार नाही, आणि 'पुसणं' लिहिलं तर अकरा वर्षं आठ महिन्यांत पहिल्यांदा पाटीवर खोटं लिहिल्यासारखं होईल. इंदूबाई पेन्सिल हातात धरून इतका वेळ थांबल्या की पोपटरावांना अर्जदार झोपली की काय असं वाटलं. शेवटी त्यांनी लिहिलं, 'स्वच्छता'. हा शब्द पोपटरावांना मनापासून आवडला. सरकारी शब्दांचा त्यांना लळा होता. त्यांनी दोन बादल्या मंजूर केल्या, शिक्का मारला आणि वर 'अंगासाठी एक, पायांसाठी एक' अशी नोंद केली, कारण दत्तारामांची भाषा एव्हाना सगळ्या सोसायटीला लागली होती.

तर शनिवारी पहाटे त्या दोन बादल्या घेऊन इंदूबाई गाडीपाशी आल्या. पदर खोचला, गणपतीचं नाव घेतलं, मनातल्या मनात, आणि सुरुवात केली. आधी धूळ भिजवली. मग पातळ साबणाच्या पाण्यात बुडवलेलं मऊ फडकं टपावरून खाली, काचा, कान, छाती. पाय सगळ्यात शेवटी, वेगळ्या बादलीतून, वेगळ्या फडक्याने. सगळं शिकवल्याप्रमाणे. आणि पाणी ओघळून गेल्यावर त्यांनी दोन पावलं मागे येऊन पाहिलं, तर डाग आणखी ठळक झाले होते. धूळ निदान त्यांच्यावर पांघरूण घालत होती.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरची सुरभी खाली उतरली. खोपोलीच्या एका कंपनीत नोकरी, खांद्याला पर्स, हातात अर्धी पोळी, कंपनीची बस फाटकाशी भोंगा वाजवत उभी. सुरभीला सगळ्या गोष्टींवरचे व्हिडिओ पाहायची सवय होती. तिने गाडीवरून एक बोट फिरवलं, जीभ चुकचुकवली आणि चालता चालता सांगितलं, "काकू, नुसतं धुऊन नाही जायचं हे. क्ले फिरवा क्ले. छोटा गोळा घ्यायचा, हाताने मळून मऊ करायचा, पाणी मारत हलकेच फिरवायचा. सगळा मळ उचलतो. मग वर मेण लावा, झालं." आणि ती बसमध्ये चढली.

इंदूबाईंना विचारायचं होतं, कसला क्ले. पण पाटी वर घरात होती आणि तोंडाला बारा वाजेपर्यंत कुलूप. गाडीच्या दुकानात क्ले नावाचा रबरासारखा गोळा मिळतो, हे त्यांना माहीत नव्हतं; नातवाच्या शाळेच्या दप्तरातला शब्द तेवढा ठाऊक होता. क्ले म्हणजे माती. छोटा गोळा, मळून मऊ करायची, पाण्याचा हात लावत फिरवायची, अशी माती कर्जत तालुक्यात, आणि पलीकडे पेण आहे म्हटल्यावर उभ्या रायगडात, एकच. गेल्या भाद्रपदात सोसायटीच्या मुलांनी गणपती केले त्यातली पंचवीस किलो शाडू त्यांच्याच माळ्यावर ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलेली होती, कारण देवाची माती टाकायची कशी.

ती त्यांनी आणली. मळली. पहिला गोळा बॉनेटवर फिरवला आणि खरोखरच कावळ्याचा एक जुना डाग निघाला. इंदूबाईंना भरून आलं. दुसरा गोळा फिरवेपर्यंत अंगाची बादली संपली. पायांच्या बादलीला हात लावायची आज्ञा नव्हती. नळाकडे गेल्या तर सात बेचाळीस झाले होते आणि नळ सूं सूं करून नुसता उसासे टाकत होता. आता काय करावं? तेव्हा त्यांना आठवलं की तोंडाला मुलतानी माती लावतात तीसुद्धा ओलीच लावून वाळू देतात. वाळताना ती आतला मळ ओढून घेते. मग गाडीला ती बुद्धी का नसावी? म्हणून उरलेली सगळी शाडू त्यांनी हातांनी गाडीभर लिंपली. टप, काचा, दारं, छाती, कान. सवयीने हात गोलाकार फिरत होते, कडा आपोआप गुळगुळीत होत होत्या. मग त्या जांभळाखाली पाट मांडून जपाची माळ घेऊन बसल्या.

एक माळ होईपर्यंत चैत्रातल्या उन्हाने आपलं काम केलं. इंदूबाईंनी उठून नखाने एक कोपरा खरवडून पाहिला. नख तुटलं. गाडी आता गाडी राहिली नव्हती. अंगणात एक करडं, गोलसर, भलंमोठं काहीतरी उभं होतं, पुढे दोन डोळे, वर दोन कान, आणि पाणी उद्या सकाळी सातला. उद्या सकाळीच दत्ताराम येणार होते. दोन वर्षं डाग दिसले नाहीत त्या माणसाला नव्या डोळ्याने पहिलं दर्शन हे होणार होतं.

त्यांनी डोळे मिटले आणि हात जोडले. वरदविनायका, तुझीच माती आहे. माझ्या हातून अडाणीपणा झाला. तूच सोडव. मी पायी येईन महडला, उरलेली माती तुझ्या पायाशी आणून ठेवीन. आणि यांना खरं काय ते सांगेन. हा शेवटचा भाग मनाशी बोलताना त्या किंचित अडखळल्या, पण बोलल्या.

डोळे उघडले तर समोर आवडीआजी. समोरच्या चाळीतली, ऐंशी पार केलेली, नजर अंधूक, पण पंचक्रोशीत कुणाच्या घरी देव बसला की सगळ्यात आधी तिला कळे.

"इंदूबाय, ह्ये काय घडवतीस गं एवढं थोरलं?"

एव्हाना पाटी खाली आली होती. एकच शब्द लिहायचा. 'गाडी' लिहिला असता तरी चाललं असतं, पण आजीशी आणि सकाळच्या पारी जरा शुद्ध शब्द वापरावा असं इंदूबाईंना वाटलं, आणि तिथेच घात झाला. त्यांनी लिहिलं, 'वाहन'.

आजीने पाटी डोळ्यांना लावून अक्षर अक्षर वाचलं. मग त्या करड्या अंगाकडे पाहिलं. दोन डोळे. दोन कान. शाडूची माती. तिचा चेहरा उजळला. "अगं बाय. देवाचं वाहन. उंदीरमामा हाय ह्यो." आणि तिने कनवटीचं जास्वंद काढून बॉनेटवर ठेवलं.

इंदूबाईंनी घाईघाईने पाटी पुसून 'चूक' लिहिलं. आजी म्हणाली, "असू दे गं. चूक कुनाच्या हातनं व्हत नाय? कान जरा ल्हान झालंत, येवढंच."

एकदा फूल पडलं की पुढचं कुणाला सांगावं लागत नाही. अर्ध्या तासात सोसायटीतल्या सात-आठ बायका, चाळीतल्या चार, आणि फाटकावरून दूध घालायला आलेला पोशा, सगळे जमले. कुणी हळदकुंकू आणलं, कुणी अगरबत्ती. एकीने विचारलं, नुसता उंदीरच का, वर गणपती कुठाय? दुसरीने समजावलं की बाईंनी आधी वाहन करून ठेवलं, भाद्रपदात देव येऊन बसेल, आजकाल सगळं आगाऊच बुक करावं लागतं. पोशाने कडावच्या बाजूला असा मोठा मूषक एकदा पाहिल्याचं सांगितलं, पण त्याला शेपूट होतं. मग शेपटीवर चर्चा झाली. गाडीच्या मागच्या बाजूला सायलेन्सरवर थोडी माती होती, ती बघून सगळ्यांचं समाधान झालं. इंदूबाई पाटी पुसत होत्या, लिहीत होत्या. 'नाही' लिहिलं तर बायका म्हणाल्या, किती विनय. 'शाडू' लिहिलं तर म्हणाल्या, हो ना, प्लास्टरपेक्षा शाडूच बरी, पर्यावरणाला. 'धुणं' लिहिलं तेव्हा एकजण म्हणाली, मौनातही बाईंना घरच्या धुण्याची काळजी. एका शब्दात माणसाला खरं सांगता येत नाही, हे इंदूबाईंना अकरा वर्षं आठ महिन्यांनी कळलं. बोलायचं म्हटलं तर घड्याळात साडेनऊ.

तेवढ्यात पोपटराव नियमावली काखेत घेऊन आले. सामाईक जागेत विनापरवाना बांधकाम, अशी तक्रार कुणीतरी फोनवर केली होती. त्यांनी गर्दी पाहिली, अगरबत्ती पाहिली, आवाज आपोआप खाली आणला आणि चपला काढल्या. गाडीपुढे चपला काढलेले पोपटराव पाहून इंदूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. लाजेने आलं होतं. बायकांनी एकमेकींना खुणावलं, बघा, भाव.

"वहिनी," पोपटराव म्हणाले, "याचं पुढे काय करायचं योजलंय?"

इंदूबाईंनी जे हवं होतं तेच लिहिलं. 'पाणी'.

पोपटरावांनी मान डोलावली. विसर्जन. त्यांनी नियमावली उघडली. गाड्या धुण्यास बंदी कलम अकरा. पण कलम चौदा अ म्हणत होतं की धार्मिक कार्यासाठी टाकीतलं पाणी सेक्रेटरीच्या संमतीने वापरता येईल. त्यासाठी मात्र अर्ज हवा. त्यांनी गाडीच्या टपावरच कागद ठेवून स्वतःच्या हाताने भरायला घेतला. मूर्तीचा प्रकार: वाहन. साहित्य: शाडू. उंची: त्यांनी पट्टीने मोजली, पाच फूट. विसर्जनाचं ठिकाण: जागेवर. बाहेर नदीत नेणार का, असं त्यांनी एकदा विचारलं, आणि मग इतकं मोठं उचलणार कोण, हे स्वतःलाच विचारून तो पर्याय खोडला. दोन साक्षीदार लागत होते. आवडीआजीने अंगठा दिला, पोशाने सही केली. शेवटच्या रकान्यात, विसर्जनानंतर उरणारे अवशेष, असा प्रश्न होता. पोपटरावांनी लिहिलं, काही नाही.

मग टाकीच्या नळाला लांब पाइप जोडला गेला. आरती झाली. इंदूबाई आरतीत फक्त टाळ्या वाजवत होत्या आणि मनातून वरदविनायकाची क्षमा मागत होत्या, एक कडवं संपलं की एकदा. पोपटरावांनी पाइप आपल्या हातात घेतला. पाटबंधारे खात्यातल्या तीस वर्षांत त्यांनी पाणी सोडण्याचा असा मान कधी मिळवला नव्हता. "वरून सोडा," कुणीतरी म्हणालं. पाणी टपावर पडलं आणि शाडू ओघळू लागली.

आधी एक डाळिंबी पट्टा दिसला. मग काच. मग काचेच्या आतला, आरशाला टांगलेला छोटा गणपती. मग नंबर प्लेट. बायका एकेक करून मागे सरकत गेल्या. शेवटी पाइप बंद झाला तेव्हा अंगणात चार दारांची, ओली, डाळिंबी गाडी उभी होती, आणि तिच्या पायाशी करडा चिखल.

आवडीआजीने कपाळाला हात लावला. "गनपतीबाप्पा. उंदीर घेतलान आनि गाडी दिलान."

बाकीच्यांना दत्तारामांची गाडी चार वर्षं रोज दिसत होती, पण आजीच्या श्रद्धेला धक्का लावायची कुणाची छाती झाली नाही. बायका प्रसादाचा खडीसाखरेचा खडा घेऊन पांगल्या. पोपटराव तिथेच उभे राहिले, पाइप हातात, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "वहिनी, आत्ता जे झालं, ते गाडी धुणं होतं का?"

मान हलवणं हे बोलण्यात येत नाही. पण इंदूबाईंना आता माहीत होतं ते कशात येतं. त्यांनी मान हलवली. हो.

पोपटरावांनी नियमावलीतला कागद काढून वाचला, पुन्हा घडी घालून ठेवला. "नोंद विसर्जनाची झालीय," ते म्हणाले. "सही, साक्षीदार सगळं आहे. आता ते बदलायचं तर सर्वसाधारण सभा लावावी लागेल." पाइप गुंडाळत म्हणाले, "सभेला कुणी येत नाही."

उरलेलं काम शांतपणे झालं. जुन्या मऊ लुगड्याने इंदूबाईंनी गाडी टिपली, घासली नाही. दारांच्या फटीतली शाडू काडीने काढली. चाकांच्या जाळ्या पायांच्या फडक्याने. दुपारी बारा वाजल्यावर पहिला शब्द त्यांनी "गणेशा" असा उच्चारला आणि मग पारू आली. पारू डोंगरावरच्या वाडीतून शनिवारी रानभाज्या आणि मध घेऊन येई. इंदूबाईंनी तिला सगळं सांगितलं, पहिल्यापासून, जणू कुलूप उघडल्यावर साठलेलं सगळं बाहेर आलं. पारू न हसता ऐकत होती; हसली ती नंतर, जिन्यावर बसून, पोट धरून. मग सुरभीचं मेण आठवलं. पारूच्या टोपलीत पोळ्याचं मेण होतंच. टाचांच्या भेगांना लावायला इंदूबाई नेहमी घेत. "ऊन कर नि फडक्यानं वढ गं बाय," पारू म्हणाली. "आमी कोयत्याला लावतो, गंजत नाय." दोघींनी मिळून ते पातळ ओढलं. गाडी चमकली. थोडी चिकट झाली, आणि तिला मधाचा वास येत होता, पण चमकली. संध्याकाळपर्यंत चार मधमाश्या तिच्यावर फेऱ्या घालू लागल्या.

पण जवळून पाहिलं तर सगळ्या अंगावर बारीक गोल गोल चरे होते. शाडूत वाळू असते. इंदूबाईंचा हात जिथे जिथे मायेने फिरला होता, तिथे तिथे तो दिसत होता.

रविवारी साडेदहाला रिक्षा फाटकाशी थांबली. दत्ताराम काळा चष्मा लावून उतरले. डॉक्टरांनी महिनाभर गाडी चालवायची नाही, धुळीत जायचं नाही असं सांगितलं होतं. ते थेट गाडीपाशी गेले. इंदूबाई मागे पाच पावलांवर पाटी छातीशी धरून उभ्या. दत्तारामांनी चष्मा काढला.

ते बराच वेळ बघत राहिले. टपावर, बॉनेटवर, कानांवर. एक मधमाशी उडवली. खाली वाकून पाय पाहिले. मग जांभळाच्या झाडाकडे वर पाहिलं, जणू ते आजच उगवलं होतं. टपावर अजून दोन जांभळे डाग होते, शाडूलाही न निघालेले. त्यावर त्यांनी बोट फिरवलं.

"हे जुने आहेत," ते म्हणाले. "म्हणजे ही अशीच होती?"

इंदूबाईंनी मान हलवली.

"कधीपासून?"

त्यांनी दोन बोटं दाखवली.

दत्ताराम वळले आणि इंदूबाईंकडे पाहू लागले, आणि पाहतच राहिले. इंदूबाईंना वाटलं, आता रागावतील. "आणि हे केस?" ते म्हणाले. "हे एवढे पांढरे कधी झाले?"

इंदूबाईंनी क्षणभर विचार केला. मग दोन्ही हात वर करून सहा बोटं दाखवली.

"सहा वर्षं," दत्ताराम म्हणाले. "तेव्हा तर मोतीबिंदूही नव्हता."

ते गाडीच्या बॉनेटवर टेकले. ते असं कधी टेकत नसत, कुणाला टेकूही देत नसत. पाठीमागे चार मधमाश्या घोंगावत होत्या. बारा वाजले आणि इंदूबाईंनी सगळं सांगायला तोंड उघडलं, पण ते म्हणाले, मान हलली तेवढं पुरे, आता जेवायला वाढ. नवसाचं मात्र इंदूबाईंनी सांगितलं. पायी जायचा आहे, हेही. दत्ताराम आमटी भुरकत म्हणाले, गाडीतून नेईन म्हणालो होतो मी. त्या म्हणाल्या, नवस पायी बोललाय.

दहा दिवसांनी संकष्टी होती. पहाटे पाचला इंदूबाई उठल्या. घरात काही आवाज नव्हता. दारांच्या फटीतून निघालेली मूठभर शाडू ओल्या फडक्यात बांधून पिशवीत ठेवली, दूर्वा घेतल्या, चपला हातात धरून जिना उतरल्या. जांभळाखाली गाडी उभी होती, तिच्यावर पुन्हा धूळ बसलेली. फाटक हळूच ओढलं. रस्ता पळसदरीच्या दिशेने मोकळा पडला होता.

शंभर पावलं गेल्या असतील तेव्हा मागे पावलं वाजली. त्या थांबल्या नाहीत, वळून मात्र पाहिलं. दत्ताराम येत होते. काळा चष्मा, नाकावर धुळीसाठी रुमाल, एका हातात पाण्याची बाटली. आणि खांद्यावर, स्वच्छ धुऊन चौपदरी घडी घातलेलं, पायांचं फडकं.

ते येऊन बरोबरीला लागले. इंदूबाईंना बोलता येत नव्हतं. दोघं चालू लागले.